डॉ. राणीताई आणि डॉ. अभय बंग यांना आभारपत्र

आदरणीय डॉ. राणीताई आणि डॉ. अभय बंग यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सातपुड्यातल्या पाड्यांवर आशांची, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या बायांची, गटप्रवर्तक आहे; त्यांच्या कामाची देखरेख करते. आपली ओळख नाही, तरी माझ्या गटातल्या प्रत्येक आशाताईच्या पिशवीत तुमचं काम आहे. त्याचे आभार मानायचे कधीचे मनात होते.

गडचिरोलीत आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे तुम्ही त्यांनाच विचारलंत. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे पाहून मढ्यावरचं कापड आठवतं, घरच्यांना जवळ थांबू देत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग शोधग्राम या तुमच्या वसाहतीतला दवाखाना तुम्ही झोपड्यांचा बांधलात, नातेवाइकांना रोग्यासोबत राहू दिलंत आणि नाव दिलंत त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. 'लोक अडाणी आहेत' हे वाक्य मी बैठकांमध्ये फार ऐकते. तेव्हा मला ह्या झोपड्या आठवतात.

बाळांच्या बाबतीतही तेच. ओली बाळंतीण आणि तान्हं मूल घराबाहेर पडत नाही. मग उपचारच घरात न्यायचे, तेही गावातल्याच बाईच्या हातून. बाळाचा श्वास फार जलद चालला तर न्यूमोनियाची शंका येते, म्हणून दहा-बारापलीकडे मोजता न येणाऱ्या दाईसाठी तुम्ही मण्यांचं श्वासमापक केलंत: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. अडचण मोजणारीची नाही, साधनाची आहे, असं धरून कुणीतरी वस्तू घडवली, याचं मला फार मोल वाटतं.

गेल्या थंडीत एका पाड्यावर आमची आशा बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवसाच्या भेटीला गेली, मी सोबत होते. आजी बाळाला हात लावू देईना. आशेने काटा बाजूला ठेवला, चुलीपाशी बसून हात शेकले आणि आजीलाच म्हणाली, "तुम्हीच धरा, मी नुसतं बघते." बाळाचा सदरा वर करून दोघी मिनिटभर त्याचं पोट वरखाली होताना पाहत राहिल्या. साठाच्या आत श्वास भरले, म्हणजे काळजी नव्हती. त्यानंतर आजीनेच बाळ झोळीत घालून वजनाला दिलं.

३९ गावांतल्या तुमच्या प्रयोगात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. देशभरातल्या आशांकडे नवजात बाळांच्या घरभेटी आल्या त्या २०११ मध्ये. एवढी वर्षं तुम्ही नेटाने मागे लागलात, म्हणून त्या आमच्या पाड्यांपर्यंत पोचल्या. सरकारने भेटींचे दिवस आणि तक्ते घेतले. चुलीपाशी बसायला लागणारा वेळ मात्र कुठल्याच रकान्यात नाही. सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर एका बाळामागे आशेला अडीचशे रुपये मिळतात. हे मला अन्यायाचं वाटतं आणि मी ते वरपर्यंत बोलत राहणार आहे.

पुढच्या प्रशिक्षणात नव्या आशांना तक्ता दाखवण्याआधी मी शोधग्रामच्या झोपड्यांबद्दल सांगणार आहे. त्या ३९ गावांत बाळांची काळजी घेणाऱ्या गावातल्याच बायांना, तुमच्या पहिल्या आरोग्यदूतांना, आमच्या सगळ्यांचा नमस्कार कळवा. रात्री-अपरात्री कंदील घेऊन त्या घरोघरी गेल्या नसत्या, तर आज आमच्या आशांना कुणी दारात उभं केलं नसतं.

आपली कृतज्ञ,
एक गटप्रवर्तक