हॉटेलमुक्कामात खासगीपणा जपण्याबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, इंदूरहून कोल्हापूर-पंढरपूरला निघणाऱ्या मंडळींनी हॉटेलात ओळखपत्र मागितल्यास शक्यतो ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात बारापैकी पहिले 8 अंक झाकलेले असतात, शेवटचे 4 तेवढे दिसतात आणि ते यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करता येते. साधी झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर हॉटेलचे नाव, तारीख आणि ‘केवळ मुक्कामासाठी’ असे शाईने आडवे लिहावे. मागील सहलीत काउंटरवरील मुलाने आमची कार्डे स्वतःच्या मोबाईलमध्ये टिपून घेतली आणि भिडेपोटी कोणीच काही बोलले नाही. या वेळी भीड नको.

खोलीत गेल्यावर दिवे मालवून स्मोक डिटेक्टर, पलंगासमोरचे घड्याळ आणि भिंतीत आधीच खोचलेला चार्जर यांवर टॉर्च फिरवावा, कारण आत छुप्या कॅमेऱ्याचे भिंग असल्यास बारीक ठिपका चमकतो. दाराच्या भोकात कागदाचा बोळा बसवावा. संशयास्पद काही आढळल्यास वस्तूला हात न लावता छायाचित्र घ्यावे, खोली सोडावी व 112 वर कळवावे. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 अन्वये गुन्हा आहे. टीव्हीवर आपले खाते उघडले असल्यास निघताना लॉगआउट करावे.

मास्क्ड प्रत काढणे ज्यांना जमत नाही, त्यांनी रविवारच्या बैठकीस आधारशी जोडलेला मोबाईल सोबत आणावा. ओटीपी त्यावरच येतो.

– चिटणीस