जांघेतल्या भोकाचीही जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये नोंद करा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

अँजिओप्लास्टी झाली की डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावून पडद्यावर दाखवतात, हा ब्लॉक होता, हा स्टेंट बसवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मी मुंबईतल्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, परिचारिका होते, आता निवृत्त आहे. आमचं काम त्या पडद्यानंतर सुरू व्हायचं. हृदयापर्यंत पोचण्यासाठी जांघेतल्या धमनीला पाडलेलं भोक बंद करायचं राहिलेलं असतं. त्याबद्दलच लिहिते आहे, कारण स्टेंटची किंमत सरकारने २०१७ मध्ये बांधून दिली, पण हे भोक कोणी, कसं आणि कोणाच्या खर्चाने बुजवायचं याचा विचार कुठे झालेला दिसत नाही.

या भोकातून धमनीत घातलेली नळी म्हणजे शीथ; सहा फ्रेंच मापाची शीथ आतून दोन मिलिमीटर, बाहेरून थोडी जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण धमनी मांडीची, रक्त पूर्ण दाबाने वाहतंय, आणि रुग्णाला हेपॅरिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल सगळं दिलेलं. म्हणजे रक्त गोठू नये याची आपणच सोय केलेली असते. एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, साधारण १८० सेकंदांच्या खाली आला की शीथ काढायची आणि बोटांनी दाबून धरायचं. १९५३ मध्ये सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरांनी सुई, तार आणि नळीची ही पद्धत आणली, तेव्हापासून दाबणं तेच आहे. मेख आहे ती कुठे दाबायचं यात. सुई तिरकी गेलेली असते, त्यामुळे धमनीतलं भोक कातडीवरच्या भोकापेक्षा बोटाच्या रुंदीएवढं वर, पोटाच्या बाजूला असतं. नवखा माणूस दिसतं त्या भोकावर दाबतो. ड्रेसिंग कोरडं राहतं आणि आत रक्त साचत जातं. दाबायचं पंधरा-वीस मिनिटं, पावलाची नाडी बघत; आधी जोरात, मग हळूहळू सैल. थांबलं का म्हणून मध्येच बोट उचललं की पुन्हा पहिल्यापासून. काहींची नाडी याच वेळी एकदम मंदावते, रुग्ण घामाघूम होतो, म्हणून अ‍ॅट्रोपिन हे नाडी वाढवणारं औषध भरून शेजारी ठेवायचं.

आता रात्रपाळीच्या वॉर्डात हे सगळं कोण करणार? एकटी सिस्टर, रेसिडेंट डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये, फोन वाजतोय. मग वाळूची पिशवी ठेवली जाते. तिने रक्तस्राव टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. रुग्णाला ‘पाय हलवू नको’ याची आठवण राहते, एवढाच तिचा उपयोग, असं माझं मत. एका रुग्णालयात, नाव घेत नाही, एक आजोबा रात्री पाठ दुखते म्हणून कण्हत होते. सरळ पडून दुखत असेल म्हणून त्यांना उशी दिली गेली. जांघ स्वच्छ, सूज नाही, ड्रेसिंगवर थेंब नाही, नाडी मात्र चढत होती. रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत जात होतं. वाचले, पण रक्ताच्या बाटल्या लागल्या आणि पुन्हा टेबलावर जावं लागलं. या दुखण्याचा अर्थ ओळखणारं माणूस त्या पाळीत असतं तर उशीच्या आधी बीपी बघितलं गेलं असतं.

यावर बाजारात उपाय आहेत : क्लोजर डिव्हाइस, म्हणजे धमनीचं भोक बंद करणारी साधनं. अँजिओ-सीलमध्ये धमनीच्या आत छोटा आधार आणि बाहेर कोलॅजेनची गुडदी बसते, ती काही महिन्यांत विरघळते. पर्क्लोज धमनीला टाका घालतं. रुग्ण लवकर उठतो, सहा तास सरळ पडून राहावं लागत नाही. पण सगळ्यांना सरसकट द्या, असं मी म्हणणार नाही. आयझार-क्लोजर या २०१४ च्या चाचणीत गुंतागुंतीच्या बाबतीत ही साधनं हाताने दाबण्यापेक्षा वाईट ठरली नाहीत, रक्त लवकर थांबलं. एवढंच. किंमत मात्र गरिबाच्या खिशाला झेपणारी नाही, आणि स्टेंटसारखी कमाल किंमत त्यांना लागू नाही.

पण या साधनांच्या आधी विचार हवा तो जांघेऐवजी मनगटातून जाण्याचा. डॉ. काम्पो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी केली, डॉ. कीमेनेई यांनी १९९२ मध्ये अँजिओप्लास्टी. रायव्हल (२०११) आणि मॅट्रिक्स (२०१५) या मोठ्या चाचण्यांनंतर शक्य तिथे मनगट हाच पहिला पर्याय मानतात. तिथली धमनी हाडावर असते, पट्टा बांधला की रक्त थांबतं, रुग्ण चहा प्यायला उठून बसतो. पण डायलिसिसवाल्याची हाताची धमनी जपावी लागते, कुणाची फारच बारीक असते, आणि झडप बदलायला लागणाऱ्या जाड शीथ तिथून जातच नाहीत. जांघ लागणारच अशा रुग्णांसाठी, विशेषतः जाड शीथ आणि सरळ पडू न शकणारे वृद्ध यांच्यासाठी, क्लोजर डिव्हाइसचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये, म्हणजे त्या उपचारासाठी योजनेने ठरवलेल्या खर्चात, स्पष्ट लिहा. आत असेल तर आत म्हणा, नसेल तर नाही म्हणा, म्हणजे ऐन वेळी नातेवाइकाच्या हातात बिल पडणार नाही.

डिस्चार्जबद्दलही सांगायचं आहे. कार्डावर छापलेलं असतं, ‘जोर देऊ नका, उकिडवे बसू नका.’ लालबागच्या चाळीत सार्वजनिक संडासात भारतीय बैठकीवर माणूस बसणार कसा? तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही. काहीजण दुसऱ्याच दिवशी कल्याणची गाडी पकडतात. जांघेतून केस झालेल्या रुग्णाला आठवडाभर कमोडची खुर्ची मिळवून द्यायला फार पैसा लागत नाही. आणि कार्डावर मराठीत ठळक छापा : सूज वाढली तर भोकाच्या थोडं वर दाबून धरा आणि १०८ ला फोन करा; पाय गार पडला, कंबर किंवा पाठ दुखून चक्कर आली, तर लगेच १०८ ला फोन करा.

अडचण मलाही कळते. केईएम आणि सायन महापालिकेकडे, जेजे वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, योजना आपल्याकडे. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. पण पॅकेजच्या अटी आपल्या हातात आहेत. प्रशिक्षित परिचारिका किंवा तंत्रज्ञ शीथ काढेल, किती वेळ दाबलं ते लिहून सही करेल, आणि पहिले काही तास पाठदुखी व बीपीची नोंद होईल, ही अट आपण रुग्णालयाने योजनेकडे पैसे मागताना द्यायच्या दाव्याच्या कागदपत्रांत घालू शकता. रुग्णालयं फोटो आणि रिपोर्ट अपलोड करतातच, त्यात हा आणखी एक कागद. तो नसेल तर दाव्याची छाननी थांबवा, पुढच्या महिन्यापासून प्रत्येक वॉर्डात तो भरलेला मिळेल.

आपली,
एक निवृत्त कॅथ लॅब परिचारिका, परळ