नवीन लँड उघडलं की गर्दी कमी होते का?

संपादक महोदय,

थीम पार्कवाले एक्सपान्शन जाहीर करताना दरवेळी सांगतात की जागा वाढली म्हणजे गर्दी विभागली जाईल, पण होतं उलटंच, नवीन काहीतरी बघायला जास्तच लोक येतात. २०१० मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये हॅरी पॉटरचं लँड (म्हणजे एकाच थीमवर बांधलेला पार्कचा भाग) सुरू झालं तेव्हा नुसतं आत शिरायलाच तासन्‌तास रांग होती. आणि खरं सांगायचं तर त्या लँडनेच सगळ्यांना वेड लावलं, कारण तिथे राइड हा एक भाग झाला, बाकी दुकानं, बटरबीअर (हॅरी पॉटरच्या गोष्टीतलं पेय), जादूची छडी हलवली की खिडकीत काहीतरी हलणार (हे नंतर आलं म्हणा), माणूस रांगेत नसला तरी रमतो.

उलट २०१९ ला डिस्नीलँडने स्टार वॉर्सचं १४ एकरांचं लँड एकच राइड चालू असताना उघडलं, मोठी राइड जानेवारी २०२० मध्ये आली, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात अपेक्षेएवढी गर्दी झालीच नाही! म्हणजे आत बघण्यासारखं किती आहे ते लोकांना पण कळतं.

माझं म्हणणं एवढंच की एकर किती ते सांगू नका, राइड तासाला किती माणसं नेते ते सांगा, सावली किती, बसायला बाकं किती ते सांगा. आणि डिस्नीच्या पार्कांत १९९९ पासून फुकट मिळणारा फास्टपास (ठरलेल्या वेळी छोट्या रांगेतून राइडला जायचा पास) जाऊन २०२१ पासून रांग टाळायचे वेगळे पैसे लागतात, मग रांगा कमी करायची त्यांना घाई कशाला असेल?

आपला,
एक वाचक