१० पौंडांत वाचलेलं घर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत इंग्लंडच्या सहलीवर लेख येतात, मी आवर्जून वाचते, पण सगळे राजवाडे आणि किल्लेच, म्हणून एका छोट्या घराबद्दल लिहितेय. ससेक्समधल्या ऑल्फ्रिस्टन गावातलं क्लर्जी हाउस. मुलगा तिकडे असतो, त्यानेच नेलं होतं बघायला. चर्चच्या शेजारी, गवताने शाकारलेलं छप्पर, १४व्या शतकातलं. तिथे पूर्वी पाद्री राहायचे म्हणून हे नाव.

घराची रचना अशी की मधला हॉल थेट छपरापर्यंत मोकळा, वर माळा नाही काही नाही, आणि दोन्ही बाजूंना दोन मजली खोल्या, त्यातला वरचा मजला थोडा पुढे आलेला, त्यामुळे मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो आणि सगळ्यावर एकच मोठं छप्पर. केंट-ससेक्सकडे अशा घरांना वील्डन म्हणतात. त्या काळी धुराडं नसायचं, हॉलच्या मधोमध चूल पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. भिंती म्हणजे ओकच्या लाकडांचा सांगाडा आणि मधे काठ्या विणून वर माती लिंपलेली, म्हणजे आपला कूडच की! कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती जमीन बघत. खडूचा दगड कुटून घट्ट बसवलाय आणि वरून आंबट दूध ओतून ती पक्की केलीय. पांढरट, थोडी वरखाली, हात लावला तर गार. आमची आजी शेणाने सारवायची ते डोळ्यासमोर आलं, आणि वाटलं माणसं कुठलीही असोत, घरात जे असेल त्यानेच जमीन करतात.

१९व्या शतकात हे घर इतकं मोडकळीला आलं होतं की चर्चच्याच वरच्या मंडळींना ते पाडायचं होतं. गावच्या पाद्रींनी पाडू दिलं नाही, ते मदतीसाठी दारोदार फिरले म्हणा ना. शेवटी १८९६ साली जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने फक्त १० पौंडांना ते विकत घेतलं. ट्रस्ट स्थापन होऊन जेमतेम एक वर्ष झालेलं आणि त्यांनी घेतलेली ही पहिलीच इमारत! राजवाडा नाही, किल्ला नाही, एक पडकं घर. हॉलच्या कोपऱ्यात ओकचं पान कोरलेलं आहे, ट्रस्टच्या चिन्हातलं पान त्यावरूनच आलं असं म्हणतात. मला ते पान शोधायला दोनदा फेरी मारावी लागली, इतकं लहान आहे.

तर विनंती एवढीच, की पुढच्या इंग्लंड विशेष अंकात या घराला अर्धं पान द्या, आणि फोटो छापायचा तर बाहेरून छपराचा सगळेच छापतात, तुम्ही त्या जमिनीचा छापा.

आपली नियमित वाचक,
चिपळूण