चिपचं दार बंद, पण शिट्ट्या बाहेर ऐकू येतायत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली आपल्या पेपरात भारतीय चिपबद्दल बरंच येतं, आयआयटी मद्रासची शक्ती, सी-डॅकची वेगा, वाचून मनापासून आनंद होतो कारण मीही वीस वर्षं ह्याच कामात आहे. पण बातमी स्पीड आणि नॅनोमीटरवरच संपते, चिपमधून गुपित गळतं का हे कुणी विचारतच नाही.

शेजाऱ्यांचं दार बंद असलं तरी कुकरच्या शिट्ट्यांवरून आत काय शिजतंय कळतंच ना, तसंच आहे हे. चिप किती वेळ घेते, किती करंट ओढते एवढं मोजूनच आतली गुप्त किल्ली, म्हणजे डेटाला कुलूप लावणारा आकडा, काढता येते. अमेरिकन क्रिप्टोग्राफर पॉल कोचर यांनी 1996 ला वेळ मोजून आणि 1999 ला सहकाऱ्यांबरोबर पॉवर मोजून हे दाखवून दिलं. आरएसए ह्या नेहमीच्या कुलूपबंदीच्या गणिताच्या साध्या पद्धतीत किल्लीतला बिट 1 असला की एक गुणाकार जास्त होतो, 0 असला तर नाही, आणि स्कोपवर (करंटचा आलेख दाखवणारं ऑसिलोस्कोप यंत्र) तो फरक चक्क डोळ्यांना दिसतो, मी स्वतः बोर्डावर करून बघितलंय.

नंतर सॉफ्टवेअरचा पॅच देऊ म्हणणाऱ्यांनी जानेवारी 2018 आठवावा. प्रोसेसर वेळ वाचवायला पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, अंदाज चुकला की टाकून देतो, पण कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतली छोटी, जलद मेमरी) त्याच्या खुणा राहतात आणि त्यावरून मेल्टडाउन, स्पेक्टर हे हल्ले शोधणाऱ्यांनी वाचायला नको तो डेटा वाचून दाखवला. स्पेक्टरमधून इंटेल, एएमडी, एआरएम कुणीच सुटलं नाही, पॅच आले पण काही कामांत मशीन स्लो झाली, आणि विकलेलं सिलिकॉन काय परत बदलता येतं?

म्हणून बंदोबस्त डिझाइनमध्येच हवा. मास्किंग करा, म्हणजे गुपित आकडा रँडम तुकड्यांत तोडून त्या तुकड्यांवरच गणित करायचं मग करंटवरून किल्ली काढणं खूप अवघड होतं, वेगवेगळ्या प्रोग्रॅमसाठी कॅशचे भाग वेगळे ठेवा, किल्ली कुठलीही असो गणिताला वेळ तेवढाच लागू दे. जागा आणि पॉवर जास्त जाते, मान्य आहे, पण बँकेचं कार्ड किंवा वीजमीटर वर्षानुवर्षं परक्याच्या हातात असतं हो!

शक्ती, वेगा दोन्ही रिस्क-फाइव्ह ह्या सगळ्यांना खुल्या असलेल्या प्रोसेसर-मानकावर आहेत, डिझाइन आपल्याच हातात आहे, आयआयटी खरगपूरमध्ये देबदीप मुखोपाध्याय यांच्यासारखी ह्या विषयातली माणसंही आपल्याकडे आहेत. सरकारी पैशाने होणाऱ्या चिपला स्पीडबरोबर गळतीचीही टेस्ट सक्तीची करा, आणि इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये पोरांना एकदा तरी स्कोप लावून किल्ली काढायला द्या.

– एक एम्बेडेड इंजिनिअर, पुणे