मोटर जळालीच नव्हती वहिनी

लेस्टर, रविवार रात्र

वहिनी, नमस्कार.

फोनवर हे बोलता येत नाही, दादा बाजूलाच असतो, म्हणून लिहून पाठवते, एकट्या असाल तेव्हा वाचा.

परवा बाबांना सहज विचारलं, मोटर भरून आली का, तर बाबा म्हणे, "कोणती मोटर वं?" मी गप्पच झाली. दिवाळीच्या आधी दादाने मोटर जळाली म्हणून वीस हजार मागितले, त्याच्या आधी फवारणीचे, त्याच्या आधी चिऊच्या ॲडमिशनचे, आणि मी दरवेळी पाच मिनिटांत पाठवून मोकळी. सगळं जोडून पाहिलं तर हातपाय गळाले माझे. मला वाटते दादा ऑनलाइन सट्ट्यात अडकला आहे.

माणूस दारू पिऊन आला तर दारातच कळते, हे तसं कळत नाही वहिनी. पोळ्याचा व्हिडिओ कॉल आठवा. तुम्ही बैलांना ओवाळून राहिल्या होत्या, आणि जो दादा शिंगांना बेगड दुसऱ्या कोणाला लावू देत नव्हता तो मागे गोठ्याच्या खांबाला टेकून मोबाईलमध्ये, चिऊने हात ओढला तर तिच्यावर खेकसला. मला तेव्हा वाटलं थकला असेल. आता तुम्हीच सांगा, फोन उलटा ठेवतो का, रात्री उठून बाहेर जातो का, मॅच असली की जेवण जात नाही का? आणि तुमची सोन्याची एकदाणी बँकेत सेफ राहील म्हणून घेऊन गेला ना, पावती पाहिली का तुम्ही? बचत गटातून उचल घ्यायला लावली का?

इथे हॉस्पिटलच्या वॉर्डात असे लोक पाहिले मी. सुरुवातीला एकदा मोठा जिंकतो, मग हरतो, आणि गेलेले काढायला अजून लावतो, "आज निघतेच" म्हणत. थोडक्यात हुकला तर त्याला हरल्यासारखं वाटतच नाही, पुढचा आपलाच वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हा आजार आहे, दारूच्या व्यसनाच्या शेजारीच, म्हणून शपथा घालून सुटत नाही, आणि "अक्कल नाही का" म्हटलं तर माणूस अजून लपवतो.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण लिंका फिरतातच. त्या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, म्हणून डॉक्टरकडे जायला भ्यायचं कारण नाही. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. नाहीतर 14416 ला लावा, टेलीमानस, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात, आणि घरच्या माणसानेही लावलेला चालते, दादा तयार नसला तरी तुम्ही लावा.

त्याला विचारायचं तर मॅच नसलेल्या दिवशी, जेवण झाल्यावर, पोरं झोपल्यावर विचारा. भांडू नका, फक्त कोणाकोणाचे किती झाले ते एका वहीत लिहून घ्या. आता कापूस विकायला जाईल, ते पैसे तुमच्या खात्यात येऊ द्या. मी त्याच्या हातात एक रुपया देणार नाही, चिऊची फी सरळ शाळेत भरीन. कठोर वाटेल, पण मागचे पैसे मीच त्याला पुरवले, ते मला झोपू देत नाही.

अजून एक, हे आजच करा. फवारणीचं औषध घरात, गोठ्यात कुठेच ठेवू नका, कुलूप लावा आणि चावी बाबांकडे द्या. आपल्या भागात हे मी तुम्हाला समजवायची गरज नाही. मरायचे विचार येतात का, असं त्याला सरळ विचारा, विचारल्याने विचार येत नाहीत, उलट माणूस बोलतो. हो म्हटला तर त्याला एकटं सोडू नका आणि मला कितीही वाजता फोन करा.

बुधवारी मी नाईट करून घरी असते, तुमच्याकडच्या दुपारी दोनला फोन करते, दादा तेव्हा वावरात असेल. तोवर पावती सापडली तर फोटो पाठवा.

तुमची,
ताई