सराव मुलाखती घेणाऱ्यांचे आभार

वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी), लोअर परळची ऑफिसं सुटल्यावर लोकलचे धक्के खात आमच्या एमबीएच्या मुलांच्या सराव मुलाखती घ्यायला येणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. नावं छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही.

आधी तुम्ही सीव्ही एका पानावर आणलेत. ‘विक्री विभागात काम केले’ ही ओळ खोडून दुकानं किती, दिवस किती, विक्री किती टक्के वाढली, हे लिहायला लावलंत. आकड्याचा हिशेब सांगता येत नसेल तर ओळच काढा, हा तुमचा हट्ट रास्त होता. मुलाखत घेणारा नेमका तिथेच बोट ठेवतो. अंदाज बांधायला लावणारा प्रश्न, म्हणजे दादर स्टेशनबाहेर दिवसाला किती वडापाव खपतात, असं विचारलं की मुलं थेट आकडा फेकायची. वडापावच्या गाड्या किती, गर्दीचे तास किती, तासाला गिऱ्हाइकं किती, अशी फोड मोठ्याने करायची सवय तुम्ही लावलीत. ग्रुप डिस्कशनमध्ये नुसता आवाज चढवणाऱ्यांना आवरणं तर तुम्हालाच जमलं!

उन्हाळी इंटर्नशिप ८ ते १० आठवड्यांची; चौथ्या आठवड्यातच गाइडकडून अभिप्राय मागा, ही तुमची सूचना पुढच्या तुकडीच्या वेळापत्रकात घातली आहे. शेवटच्या सादरीकरणात उणीव कळली, तर प्री-प्लेसमेंट ऑफरसाठी (इंटर्नशिपमधल्या कामावरून त्याच कंपनीने देऊ केलेली नोकरी) ती भरून काढायला वेळच उरत नाही.